जेवणाच्या सुट्टीतले टाके

४ जून

छोट्या,

‘प्रिय’ लिहिलं होतं. मग म्हटलं, चार वर्षांत एकदाही न बोललेल्या भावाशी पहिल्याच शब्दाला लाडीगोडी कशाला, आणि नवा कागद घेतला. फोन करणार होते. पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी दोन मिनिटांत भांडले असते. कागदावर भांडायला निदान वेळ तरी लागतो.

आई बरी आहे. साखर वरखाली होते, जीभ मात्र होती तशीच आहे. दर रविवारी ती तुझ्याशी बोलते हे मला माहीत आहे. गॅलरीत जाऊन दार ओढून घेते आणि मग इतक्या मोठ्यानं बोलते की खालच्या दुकानदारालाही माझ्या भाचीचे मार्क कळतात.

आता कामाचं. आपला विभाग बंद पडायला आला आहे. तू गेलास तेव्हा आपण दहा जण होतो. तुझ्या जागी एक नवी आली, तुझ्यामागून एकेक करत पाच गेले आणि आता उरलो आम्ही पाच. नवे साहेब आलेत, वयानं तुझ्याएवढेच. पहिल्या दिवशी विचारतात, ‘अख्खा कारखाना दिवसाला हजारो जोड काढतो आणि तुम्ही पाच माणसं आठवड्याला वीस?’ मी त्यांना हाताला धरून टेबलाशी नेलं नाही एवढंच. म्हटलं, साहेब, साखरेनं ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांचे बूट आम्ही करतो. तुमच्या बुटात खडा गेला तर तुम्ही पाच पावलांत थांबाल. ही माणसं दिवसभर त्या खड्यावर चालतात आणि घरी जाऊन मोजा काढला की रक्त बघतात. मग ती जखम भरत नाही, आणि एक दिवस बोट काढायची वेळ येते. म्हणून आमच्याकडे बूट खोक्यात जाण्याआधी तो करणारा माणूस डोळे मिटतो, आत हात घालतो आणि सगळ्या अस्तरावरून बोटं फिरवतो. दोऱ्याची गाठ, चिकटवायच्या सोल्यूशनचा वाळलेला थेंब, काहीही असो, त्यांच्या पायाला कळणार नाही ते आमच्या हाताला कळलं पाहिजे.

‘याला किती वेळ लागतो?’ साहेब म्हणाले.

‘समाधान होईपर्यंत,’ मी म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वाईट माणूस नाही तो, फक्त वही फार मोठी आहे त्याची.

वरून निरोप असा आलाय: सप्टेंबर संपेपर्यंत आणखी एक जरी माणूस गेला, तर विभाग बंद. हे बूट बाहेरून तयार मागवायचे, लहान, मध्यम आणि मोठे. माणसं टिकवायची जबाबदारी विभागप्रमुखाची, म्हणजे तुझ्या ताईची. एचआरची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. पहिला प्रश्न, आधीची माणसं का सोडून गेली? मी खाली खाली लिहीत गेले: पगार, पगार, लग्न, पगार, पगार. शेवटी तुझी ओळ आली. तिथेही पगारच लिहिलं. फॉर्म मात्र अजून माझ्या खणात आहे.

तर तू का गेलास ते लिही. खरं लिही. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण शेवटपर्यंत वाचून मगच.

ताई

२६ जून

छोट्या,

बावीस दिवस झाले. पोस्टाला दोष द्यावा तर आई रविवारी तुला विचारत होती, ‘ताईचं पत्र पोचलं ना?’ आणि त्यानंतर बराच वेळ नुसतं ‘हं, हं’ चाललं होतं. म्हणजे पोचलं. ठीक आहे. तू गप्प बसण्यात लहानपणापासून पटाईत, मी बोलण्यात. तेव्हा मीच बोलते.

आम्हा पाचही जणांना भरायला एक वेगळा फॉर्म होता, त्यावर बारा गोष्टी छापल्या होत्या. पगार, बढती, कौतुक, नवं शिकणं, नोकरीची खात्री, लोकांच्या उपयोगी पडणं, असलं सगळं. कामातून तुम्हाला काय हवं त्याप्रमाणे क्रम लावा. मला वाटलं, यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे? आपल्याकडच्या माणसाला एकच गोष्ट हवी असणार, काम चोख व्हावं. नेमकी तीच छापली नव्हती. मी ती तेरावी म्हणून हातानं लिहिली आणि पुढे पहिला क्रमांक टाकला.

पाकिटं बंद करून द्यायची होती. पण काकांनी आपला फॉर्म कातड्याच्या गठ्ठ्यावर उघडाच टाकला होता. काका आठवतात ना, तीस वर्षं कातडी कापतायत? त्यांच्या फॉर्मवर पहिला क्रमांक कशाला, तर ‘वेळेवर घरी जाता येणं’.

‘काका, एवढी वर्षं तुम्ही यासाठी इथे आहात?’

‘मग काय तर! साडेपाचला सुटतो, सहाला नातीला बागेत नेतो, आधी पोरांना न्यायचो. ज्या कामात हे जमतं ते काम मी जीव लावून करतो. जमत नव्हतं अशी दोन कामं सोडून आलोय मी.’

‘आणि काम चोख नको व्हायला?’

‘होतंय की! माझा कापलेला तुकडा तू कधी परत पाठवलायस?’

कधीच पाठवला नाही. मला उगीचच राग आला.

दुसरी ती चष्मेवाली. तू तिला बघितलेलं नाहीस, तुझ्या जागेवर आली ती. अठ्ठावीस वर्षांची, भिंगं ही एवढी जाड, पण वरच्या भागाची शिलाई अशी करते की कातड्याला दुखत नसेल. तिचा हात बघताना तुझी आठवण येते. हे वाक्य खोडणार होते, राहू दे. तिनं पहिला क्रमांक दिलाय ‘माझं काम माझं असणं’ याला. मी विचारलं, म्हणजे काय गं? तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काही नाही, ताई.’ मग जरा वेळानं म्हणाली की चामड्याच्या पिशव्या करणाऱ्या एका कंपनीनं तिला बोलावलंय, पंधरा ऑगस्टपर्यंत कळवायचंय. ती गेली की आम्ही चार, आणि चार म्हणजे कुलूप.

एचआरच्या मुलीनं निकाल सांगितला. ‘माझ्या कामावर विश्वास ठेवला जातो’ या वाक्यापुढे पाचांपैकी चौघांनी ‘नाही’ लिहिलंय. एक ‘हो’ आहे, तो अर्थात माझा. मी तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, तुम्ही ते घड्याळ लावून बसता ना टेबलाशेजारी, त्याचा हा परिणाम. ते म्हणाले, ‘ताई, घड्याळ मी दोन महिन्यांपूर्वीच बंद केलं. तुम्हीच भांडला होतात.’ खरं होतं. तरी मी मागे हटले नाही. म्हटलं, माणसांवर विश्वास कसा ठेवायचा ते माझ्याकडून शिका. मी कुणाला कधी एका शब्दानं बोलत नाही. चूक दिसली तर जेवणाच्या सुट्टीत गुपचूप नीट करून ठेवते. त्यांना कळतही नाही.

साहेबांनी तेही वहीत लिहिलं. लिहू देत. चष्मेवालीला मी जाऊ देणार नाही, एवढं ठरवलंय.

ताई

९ जुलै

छोट्या,

मिळालं तुझं पत्र. दोन ओळींना पत्र म्हणायचं असेल तर.

‘पगाराचं नंतर ठरलं. आईच्या तपकिरी बुटांतल्या उजव्या बुटाची आतली शिवण बघ, दोरा कुणाचा आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.’

शाबास! चार वर्षं मनात ठेवलंस आणि पाठवलंस ते असं, कोर्टातल्या नोटिशीसारखं. मला बूट काढून बघायची गरज नाही. दोरा माझा आहे. तू आईसाठी पहिल्यांदा जोड केलास, खोक्यात घालून टेबलावर ठेवलास, जेवायला गेलास, आणि मी खोकं उघडलं. उजव्या बुटात, करंगळीच्या बाजूला, मला काहीतरी लागलं. मी शिवण उसवली आणि पुन्हा घातली. वीस मिनिटांचं काम. तुला सांगितलं नाही, कारण आईसमोर तुझा कमीपणा नको होता. आईनं बूट घालून घरभर फिरून दाखवले, ‘धाकट्यानं किती छान केले गं,’ म्हणाली, तेव्हा मीच सगळ्यांत जास्त खूश होते.

ते आईचे पाय होते, छोट्या. तुझ्या मानापेक्षा मला आईची बोटं मोठी वाटली. यात माझं काय चुकलं ते तू मला सांग.

आणि त्यासाठी कुणी नोकरी सोडतं का? घर सोडतं का? पगार हे कारण शंभर पटींनी बरं होतं, ते निदान चारचौघांत सांगता येतं. फॉर्मवर मी तेच राहू देणार आहे.

ताई

२१ जुलै

छोट्या,

मागच्या पत्राबद्दल माफी वगैरे मागत नाही अजून. आधी काय झालं ते वाच.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले आणि मी नेहमीप्रमाणे खोकी उघडायला घेतली. चष्मेवालीचे दोन जोड तयार होते. पहिल्या बुटात हात घातला आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका आपल्या जागेवरच बसून होते, मांडीवर डबा उघडून.

‘तुम्ही गेला नाहीत?’

‘म्हटलं आज बघू तरी, पोरगी जेवते कधी.’ मला ते अजून पोरगी म्हणतात, बावन्न वर्षांच्या बाईला. ‘चालू दे तुझं.’

मला ते चालू ठेवता येईना. मी हात बाहेर काढला. काका पोळी खात खात बोलत होते, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे.

‘तुला काय वाटतं, कुणाला कळत नाही? अगं, तू दोऱ्याला मेण किती लावतेस! दुसऱ्या कुणाच्या टाक्यावर बोट सरकतं, तुझ्यावर चिकटतं. सुट्टीनंतर आलं की सगळे आधी आपलं खोकं उघडून बघतात. चिकटलं बोट, की समजायचं ताईंनी आज आपल्याला नापास केलं.’

‘मी कुणाला बोलले कधी?’

‘बोलली असतीस तर भांडता तरी आलं असतं. ती चष्मेवाली मागच्या महिन्यात धुण्याच्या नळाशी जाऊन रडली. आणि आता तर हात कुठे नीट फिरवते ती? कशाला फिरवेल? तिला माहीत आहे, मागून तू येणारच आहेस.’

हे शेवटचं ऐकून मी खोकं बंद केलं. कारण ते खरं आहे. गेल्या वर्षभरात मला लोकांच्या जोडांत जास्त चुका सापडू लागल्या आहेत. मी समजत होते की आजकालच्या माणसांना कामाची चाडच राहिली नाही. त्यांची चाड मीच रोज साडेबारा ते एक या वेळात काढून घेत होते, छोट्या. जे पाच जण गेले त्यांच्यातल्या चौघांपुढे मी पगार लिहिलं. त्यातल्या दोघांना नव्या जागी इथल्याहून कमी मिळतं, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

आता एक गोष्ट सांगते, ती आईलाही माहीत नाही. तू अजून शाळेत होतास. मी नवी होते, आपल्याला दोघांनाही ज्यांनी पुढे शिकवलं त्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली. घरी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे बूट करून घ्यायला आल्या. त्यांचा जोड मी केला, हात फिरवला, मला घाई होती, मैत्रिणी बाहेर थांबल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या बाई कुबड्या घेऊन आल्या. उजव्या पायाचा अंगठा काढला होता. बुटामुळे झालं असं कुणीही म्हटलं नाही. त्या घरात अनवाणी फिरायच्या, तिथेही काही लागलं असेल. म्हाताऱ्यांनी बूट तपासला, त्यांना काही सापडलं नाही. मला सापडलं. शिवणीच्या शेवटी एक गाठ होती, मोहरीपेक्षा लहान. मी ती कापून टाकली आणि गप्प राहिले.

त्या दिवसापासून मला कुणाचाच हात पुरत नाही. माझाही नाही. फॉर्मवर मी काम चोख होणं लिहिलं ना, ते खोटं आहे. माझ्या बाबतीत पहिला क्रमांक भीतीचा आहे. ती मी सगळ्यांच्या बुटांत भरत आले, तुझ्याही.

आईच्या बुटात मला नक्की काय लागलं होतं हे मी गेले दहा दिवस आठवतेय. शपथेवर सांगते, आठवत नाही. कदाचित काहीच नव्हतं.

चुकले मी. तुझ्या पहिल्या जोडाचं कौतुक तुझ्याकडून चोरलं आणि वर चार वर्षं तुला पैशाचा लोभी म्हणत राहिले, आईसमोर, काकांसमोर, सगळ्यांसमोर. त्या सगळ्यांना मी हे सांगणार आहे. आईला सांगून झालं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मला वाटलंच होतं, उजवा बूट जरा घट्ट का झाला मध्येच.’

ताई

३० ऑगस्ट

छोट्या,

तुझं चार पानी पत्र तीनदा वाचलं. वाद घालण्यासारख्या बऱ्याच जागा आहेत, त्या सध्या सोडून देते. तू विचारलंस, पुढे काय केलंस? ऐक.

बावीस जुलैला मी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि सरळ सांगितलं. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत मी तुमची खोकी उघडते, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत नव्हतं की तुम्हाला माहीत आहे. आजपासून बंद. ज्यानं बूट केला, शेवटचा हात त्याचा. कुणाला शंका आली तर त्यानं हवा त्याला बोलवावं आणि समोर उभं राहून दुसरा हात घालून घ्यावा. बोलावल्याशिवाय कुणी जाणार नाही. मी तर नाहीच.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी ‘बरं’ म्हटलं आणि कातडं कापायला लागले. चष्मेवालीनं विचारलं, ‘किती दिवस?’ तोंडात मारल्यासारखं झालं मला. म्हटलं, तू बघ मोजून.

पहिला आठवडा कसा गेला ते माझं मला ठाऊक. सुट्टीत मी सगळ्यांबरोबर जेवायला जाऊ लागले. माझं निम्मं लक्ष वर खोक्यांकडे. मला भाजीत मीठ नाही हे कळायचं नाही. माझ्याकडे बघून ते लोक हसायचे, नंतर नंतर तर उघड. काका म्हणायचे, ‘खा, पोरी, बूट कुठे पळून नाही जात.’

पंधरा ऑगस्ट आला. चष्मेवालीनं पिशव्यांच्या कंपनीला काय कळवलं हे मी विचारलं नाही. जीभ दाबून धरली होती. ती दुसऱ्या दिवशी नऊला येऊन जागेवर बसली. म्हणाली, ‘एक महिन्याची मुदत मागून घेतलीय त्यांच्याकडून.’

आणि मग व्हायचं ते झालं. तिच्याच जोडाला. एक निवृत्त पोस्टमन आहेत, पाय पूर्ण बधिर, आणि तरी रोज आपला जुना रस्ता चालून येतात. नवा जोड दिला की आठव्या दिवशी आम्ही पाय तपासतो, त्या तपासणीला आले, मोजा काढला आणि डाव्या करंगळीशी लाल डाग. कातडी फुटलेली नव्हती, पण डाग होता. साहेबही तिथेच उभे, वही घेऊन.

माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू. बूट हिसकावून घ्यावा, आत हात घालावा आणि दाखवावं, हे बघ, इथे. मी हात पाठीमागे बांधले. चष्मेवाली खाली बसली, तिनं बुटात हात घातला, डोळे मिटले. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, ‘अस्तराची कड सुटलीय. सोल्यूशन नीट धरलेलं नाही, माझी चूक आहे.’ पोस्टमनना तिनं स्वतः तसंच सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो बाई, मी पस्तीस वर्षांत कितीतरी पत्रं भलत्याच दारात टाकलीत. तुम्ही वेळेत उचललंत, झालं.’ तिनं त्याच दुपारी अस्तर बदललं. आणि पुढचे दहा दिवस रोज त्यांच्या घरी जाऊन पाय बघून आली, कुणी न सांगता. डाग गेला.

माझ्या हाताला ती कड आधी सापडली असती का? असती, असं मला वाटतं. हे तुला सोडून मी कुणाला सांगणार नाही. पण मग ती कड मला सापडली असती, तिला नाही. आणि पुढच्या जोडाला ती पुन्हा सुटली असती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘ताई, हे धोक्याचं आहे. तुम्ही पूर्वीसारखं सगळं तपासत जा. हवं तर मी लेखी देतो.’ विचार कर, छोट्या. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर चोरून धडपडले, ती मला लेखी मिळत होती.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘उद्या कुणाला जखम झाली तर?’

‘तर जबाबदार मी. विभागप्रमुख आहे. पण तपासायचं ते करणाऱ्यानंच. साहेब, माझी दोन बोटं किती बुटांत पुरणार? आणि मी निवृत्त झाले की काय करणार आहात? मला या पाच माणसांचे पाचही हात हवेत, आणि ते हात मागून कुणी येणार नाही असं कळल्याशिवाय शहाणे होत नाहीत. आठव्या दिवशीची तपासणी आहे, ती चौथ्या दिवशी करू. ती करणारा माणूसही तोच, ज्यानं बूट केला. ते मान्य नसेल तर माणसं टिकवायची जबाबदारी तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या. मी साधी कारागीर म्हणून बसेन.’

त्यांनी वही उघडली. मग म्हणाले, ‘चौथ्या दिवशी. पण प्रत्येकाची नोंद हवी.’ नोंद काय, वही वाढवायची त्यांना आवडच आहे. मी हो म्हटलं.

परवा चष्मेवाली एक बूट घेऊन माझ्या टेबलाशी आली. ‘ताई, टाचेपाशी मला शंका येतेय. जरा हात घालता?’ मी डोळे मिटून हात घातला, ती समोर उभी होती. मला काही सापडलं नाही, तसं सांगितलं. ‘मला सापडतंय पण,’ ती म्हणाली, आणि बूट घेऊन गेली आणि तिनं ती टाच उसवली. माझा हात तिनं नापास केला! इतकी वर्षं मी कुणाला हे करू दिलं नव्हतं. मला अपमान वाटायला हवा होता. मी जागेवर बसून एकटीच हसत होते.

सप्टेंबर जायचा आहे अजून. ती राहील की जाईल, मला माहीत नाही. गेली तर विभाग जाईल. तरी मी तिच्या खोक्याला हात लावणार नाही.

ताई

१ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

सप्टेंबर संपला. आम्ही पाचच्या पाच आहोत. चष्मेवालीनं पिशव्यांच्या कंपनीला नकार कळवला. कारण विचारलं तर म्हणाली, ‘तिकडे पिशवी विकली की संपलं. इथे मला चौथ्या दिवशी पाय बघायला मिळतो.’ बघ, हे त्या बारा गोष्टींत कुठेच छापलेलं नव्हतं. काकांनी मात्र आपला पहिला क्रमांक बदलायला साफ नकार दिलाय, आणि साडेपाचला ते दारात असतात. असोत. मी त्यांना आता त्यावरून एक शब्द बोलत नाही.

विभागाला मार्चपर्यंत मुदत मिळाली आहे. कायमचं काही नाही. मार्चमध्ये पुन्हा भांडावं लागेल, मी तयार आहे. साहेब या वेळी आमच्या बाजूनं वर जाऊन बोलले, वहीसकट.

खणातला फॉर्म मी काल दिला. सगळे ‘पगार’ खोडले. एक लग्न राहू दिलं, ते खरंच लग्न होतं. बाकीच्या पाच ओळींपुढे लिहिलं, ‘माझ्यामुळे’. एचआरची मुलगी म्हणाली, ‘ताई, असं उत्तर यात बसत नाही.’ म्हटलं, जागा कर.

परत ये, असं मी म्हणणार नाही. तुझं तिकडचं काम तुला आवडतं हे तुझ्या चार पानांत दिसलं, आणि तुला ओढून आणणं हीदेखील मागून खोकं उघडण्याचीच जात झाली. मला दुसरं काही हवंय.

आईचे तपकिरी बूट झिजले. डॉक्टरांनी नवे करायला सांगितलेत. आई म्हणते, तुझ्या घरी अजून टेबल आहे, माझ्या भाचीचे बूट तूच करतोस. सोबत आईच्या दोन्ही पावलांची मापं पाठवतेय. कागदावर उभी केली तिला, एक पाऊल काढून होईपर्यंत तीनदा हलली, म्हणून रेष दुहेरी दिसेल, आतली खरी. उजव्या पायावर दुपारनंतर सूज असते, ती धर. आणखी तिचा निरोप, काळे करू नकोस, काळ्या बुटांत ती फौजदार दिसते.

पार्सल माझ्या नावानं नको, तिच्या नावानं पाठव. खोकं तीच उघडेल. वाकून बंद बांधायला तिला जमत नाही, तेवढेच मी बांधीन. मग आम्ही दोघी भाजी आणायला चालत जाऊ.

तुझी,
ताई